रूह, दिल आणि ऊस: एका ग्लास सरबताचा इतिहास

ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ बरेचसे काढलेत. राहिलेले गोड मानून घ्या.

सध्या उन्हाळा आहे. मी मूळचा नेकनूरचा, त्यामुळे उन्हाळा म्हणजे काय हे मला हवामानाच्या अॅपने सांगायची गरज नाही. ज्यांना नेकनूर माहीत नाही त्यांच्यासाठी: बीडहून निघालात, मांजरसुंब्याला केजकडे वळलात की बालाघाटच्या माळावर आमचं गाव लागतं. मोठा आठवडी बाजार, मराठी आणि दखनी उर्दू एकाच वाक्यात बोलणारी माणसं, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त ऊन.

आणि अशा दिवसांत इन्स्टाग्रामवर काय दिसतं? इंग्लंडला ऑनसाइट गेलेल्या मित्रमंडळींच्या स्टोरीज. हिरवळ, उंच ग्लास, बर्फ, पुदिन्याचं पान आणि खाली लिहिलेलं ‘एल्डरफ्लॉवर कॉर्डियल’. ही काय भानगड आहे म्हणून मी शोधायला बसलो आणि शोधता शोधता पोहोचलो दौलताबाद, दिल्ली, मुंबई, आणि शेवटी परत बीड जिल्ह्यात. आजचा भाग त्या प्रवासाचा.

एल्डरफ्लॉवर म्हणजे नक्की काय?

एल्डर हे युरोपातलं एक झुडूप. शास्त्रीय नाव सॅम्ब्युकस नायग्रा. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनमध्ये त्याला बारीक, फिकट पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे गुच्छ येतात. हे गुच्छ तोडायचे, साखरेच्या पाण्यात लिंबू आणि सायट्रिक अॅसिड घालून एक-दोन दिवस भिजत ठेवायचे, गाळायचे आणि बाटलीत भरायचे. पिताना दोन चमचे ग्लासात, वर थंड पाणी किंवा सोडा. झालं. रोमानियात हीच फुलं आंबवून ‘सोकाटा’ नावाचं पेय करतात.

इंग्लंडच्या खेड्यांत हे घराघरांत व्हायचं. दुकानातली मोठी विक्री मात्र बरीच अलीकडची. तिथली एक नावाजलेली कंपनी १९८४ मध्ये एका घरच्या स्वयंपाकघरातून सुरू झाली. तिचं नाव लिहितात ‘बेल्व्हॉयर’ आणि उच्चारतात ‘बीव्हर’. इंग्रजांना स्पेलिंगबद्दल कोणी विचारत नाही, आपल्याला मात्र शाळेत छड्या.

आता यात नवीन काय आहे? फूल, साखर, लिंबू, पाणी. हे तर आपलं गुलाबाचं सरबत झालं, फक्त गुलाबाऐवजी दुसरं फूल! आमच्याकडे एल्डर उगवत नाही. पण फुलाचा वास साखरेत पकडून उन्हाळाभर पुरवायचा, ही कल्पना आपल्याकडे शेकडो वर्षं मुरलेली आहे. इतकी, की ती आपल्या भाषेत लपून बसलीय.

जुलाब आणि गुलाब सख्खे भाऊ आहेत

हसू नका, खरं आहे.

‘सरबत’ हा शब्द अरबीतून आला. श-र-ब हा त्याचा धातू, अर्थ ‘पिणे’. त्याच धातूतून ‘शराब’ आली, म्हणजे मुळात नुसतं ‘पेय’. युरोपात गेल्यावर त्याच कुळातून इंग्रजीतलं ‘सिरप’ झालं, ‘शर्बेट’ झालं, आणि महागड्या हॉटेलात जेवणानंतर मिळतं ते ‘सॉर्बे’ही झालं. खोकल्याचं औषध, दारू आणि बर्फाचं डेझर्ट, तिघांचं आडनाव एकच.

आता गुलाब. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हे मुळात फुलाचं नावच नाही, ते गुलाबपाण्याचं नाव आहे! पाण्याचं नाव आपण फुलाला दिलं. हाच शब्द अरबीत गेला तेव्हा अरबीत ‘ग’ नसल्यामुळे त्याचा ‘जुलाब’ झाला. जुलाब म्हणजे गुलाबपाणी आणि साखरेचं गोड सरबत. हकीम लोक कडू औषध या गोड पाण्यातून द्यायचे, त्यात पोट साफ करायची औषधंही असायची. हळूहळू लोक औषध विसरले, परिणाम लक्षात राहिला. म्हणून मराठीत जुलाब म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तोच शब्द युरोपमार्गे इंग्रजीत ‘जुलेप’ झाला आणि आज अमेरिकेत लोक ‘मिंट जुलेप’ नावाचं कॉकटेल ऐटीत पितात. बारमध्ये पुढच्या वेळी कोणी मागवलं, तर त्याला ही व्युत्पत्ती सांगा. ऑर्डर येण्याआधी सांगा.

आणि ‘कॉर्डियल’? लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणजे हृदय. हृदयाला बळ देणारं औषध ते कॉर्डियल. म्हणजे इंग्लंडमध्येही हे आधी औषध होतं, नंतर शौक झालं. हे हृदय लक्षात ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.

दाताची कबर आणि जेवणाआधीचं सरबत

चला चौदाव्या शतकात. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. शाळेत हे आपण मार्कांसाठी पाठ केलंय. पण बीडकरांसाठी एक बोनस गोष्ट आहे. फरिश्ता नावाचा इतिहासकार सांगतो की तुघलक बीड भागात असताना त्याचा दात दुखायला लागला आणि पडला. सुलतानाने तो दात थाटामाटात पुरला आणि त्यावर कबर बांधली. आजही बीडजवळच्या एका टेकडीवरची वास्तू लोक ‘दाताची कबर’ म्हणून दाखवतात. दात गोड खाऊन किडला होता की नाही, हे फरिश्ता सांगत नाही.

गोड मात्र त्या दरबारात भरपूर होतं. याच तुघलकाच्या नोकरीत मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता होता. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या मेजवानीत जेवणाच्या आधी साखरेचं सरबत येतं, ते प्यायचं, आणि मगच जेवायला सुरुवात होते. हाच माणूस १३४२ नंतर चीनला जायला निघाला, तेव्हा वाटेत दौलताबादला थांबला. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं त्याला आवडली, हेही त्याने नोंदवलंय. म्हणजे आज हॉटेलात बसल्या बसल्या ‘वेलकम ड्रिंक’ येतं ना, त्याची नोंद पावणेसातशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे बहमनी आले, निजामशाही आली, मुघल आले, हैदराबादचे निजाम आले. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे सरबत, गुलकंद, सब्जा, फालुदा हे शब्द आमच्याकडे कोणी बाहेरून आलेले पाहुणे मानत नाही. आमच्या गावाचंच नाव बघा: नेक म्हणजे चांगला, नूर म्हणजे प्रकाश. गावाच्या पाटीवरच फारसी आणि अरबी शेजारी शेजारी बसलेत.

आणि हे फक्त मुसलमानी दरबारांपुरतं होतं असं वाटत असेल, तर शिवकाळातले ‘अठरा कारखाने’ आठवा. कारखाने म्हणजे राज्याची खाती, आजच्या भाषेत डिपार्टमेंट. तोफखाना, पीलखाना, जामदारखाना, आबदारखाना या यादीत एक नाव येतं: शरबतखाना! त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘औषधांचं खातं’ असा दिलेला असतो. म्हणजे मराठी राज्यातसुद्धा सरबत आणि औषध एकाच कपाटात होतं. जुलाबाची गोष्ट इथे परत जुळते.

पण पाणी?

सरबतात सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. आणि मराठवाड्यात पाण्यावर बोलल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुरी होत नाही.

बीड शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. नेकनूरहून बीडला जाणाऱ्या प्रत्येकाने तिच्या नावाची पाटी पाहिलेली असते, आत जाऊन पाहिलेली नसते. १५८२ मध्ये, अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ही बांधवली. बांधणारा राजा भास्कर नावाचा स्थापत्यकार होता असं सांगतात. विहिरीला भुयारी वाटा आहेत. काही वाटांनी जमिनीतलं पाणी विहिरीत येतं आणि एका वाटेने ते उतारावर शेतीकडे जातं. पंप नाही, वीज नाही, निव्वळ उतार आणि हिशोब. नाव ‘खजाना’ का, तर एक गोष्ट सांगतात की सरकारी खजिन्याचे पैसे यात घातले म्हणून. खरं-खोटं बाजूला ठेवा. या मुलखात पाण्याला खजिना म्हटलंय, यात सगळं आलं.

पाणी मिळालं, आता ते थंड कसं करायचं? गरिबाकडे माठ, वाळा आणि ओला कपडा. बादशहाकडे विज्ञान. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजल सांगतो की अकबराच्या आबदारखान्यात सोरा वापरून पाणी गार करत. सोरा म्हणजे सॉल्टपीटर, तोच जो बंदुकीच्या दारूत घालतात. सोरा पाण्यात विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. त्यात पाण्याची सुरई फिरवत राहिलं की आतलं पाणी गार. बारावीच्या केमिस्ट्रीत ‘एंडोथर्मिक’ हा शब्द पाठ करताना कोणी हे सांगितलं असतं, तर दोन मार्क जास्त पडले असते.

बर्फ सामान्य माणसापर्यंत यायला अजून अडीचशे वर्षं लागली. १८३४ मध्ये मुंबईत अमेरिकेतून जहाजाने बर्फ आला. बॉस्टनकडच्या तळ्यांतला गोठलेला बर्फ, लाकडाच्या भुशात गुंडाळून, अर्ध्या जगाला वळसा घालून! त्याच सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा मुंबईच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. बीडसारख्या ठिकाणी मात्र लादीवाला बर्फ, त्यावर पोत्याचं कापड, आणि मग गाड्यावरचं लाल-हिरवं सरबत हे दृश्य बरंच उशिरा आलं.

त्याआधी पाहुण्याला काय देत?

गूळ-पाणी. इतकं साधं.

उन्हातून कोणी आलं की आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. ‘कुठून आलात’ हा प्रश्न त्यानंतर. अंगातली साखर आणि पाणी दोन्ही उतरलेल्या माणसाला नेमकं जे लागतं, ते अंगणातच मिळायचं. कैऱ्या आल्या की पन्हं. उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा, मीठ. मीठ महत्त्वाचं, कारण घामातून तेच जातं. आज मेडिकलमधून आपण जे ‘इलेक्ट्रोलाइट’ विकत आणतो, त्याचं काम पन्हं बऱ्यापैकी करतं आणि चवही चांगली लागते.

फुलाचं म्हणाल तर आमच्या माळावर पळस आहे. होळीच्या आसपास पानं गळून झाड केशरी होतं. ती फुलं रात्रभर पाण्यात भिजवून त्या पाण्याने लहान मुलांना आंघोळ घालतात, उन्हाळा बाधू नये म्हणून. रंगपंचमीचा रंगही त्याचाच. काही भागांत पळसाचं सरबतही करतात. म्हणजे युरोपच्या एल्डरला आमच्याकडचं उत्तर विचाराल तर एक गुलाब, एक पळस.

एक हकीम, तीन देश, एक बाटली

आता मुख्य पात्राची एन्ट्री. रमजानमध्ये नेकनूरच्या बाजारात संध्याकाळी गेलात तर प्रत्येक किराणा दुकानाच्या पहिल्या फळीवर ती लाल बाटली दिसते. लग्नसराईत तीच बाटली मांडवात दिसते. मुसलमान घरात रोजा सोडताना, मराठा घरात पाहुणे आल्यावर. रूह अफजा.

१९०६ मध्ये दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी ‘हमदर्द’ नावाचा दवाखाना काढला. दवाखाना, सरबताची कंपनी नाही. युनानी वैद्यकात शरीराची तब्येत ‘गरम’ किंवा ‘थंड’ मानतात, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात लोक उष्णतेने आजारी पडत. हकीमसाहेबांनी पुढच्याच वर्षी फुलं, फळं आणि थंड मानलेल्या वनस्पती एकत्र करून पाक बनवला. गुलाब, केवडा, वाळा अशा गोष्टी त्यात होत्या. नाव ठेवलं रूह अफजा, म्हणजे आत्म्याला तरतरी आणणारं.

आता यात मुंबई कुठून आली? १९१० मध्ये मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने बाटलीसाठी फुलाफळांचं रंगीत लेबल काढलं. पण इतक्या रंगांची छपाई तेव्हा दिल्लीत होत नव्हती. म्हणून लेबल छापलं गेलं मुंबईच्या बोल्टन प्रेसमध्ये. सरबत दिल्लीचं, चेहरा मुंबईत छापलेला. आजही लेबल बरंचसं त्याच वळणाचं आहे. आपल्या कंपनीत दर सहा महिन्यांनी लोगो बदलतात, त्यांना हे सांगायला पाहिजे.

हकीमसाहेब १९२२ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी आणि मुलांनी काम सांभाळलं. मग १९४७. थोरले अब्दुल हमीद दिल्लीत राहिले. धाकटे मोहम्मद सईद १९४८ मध्ये कराचीला गेले आणि तिथे त्यांनी दुसरं हमदर्द उभं केलं. त्याचीच शाखा ढाक्याला निघाली आणि १९७१ मध्ये बांगलादेश झाल्यावर तिसरं हमदर्द वेगळं झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका रेपॉझिटरीचे तीन फोर्क. तीन देश, तीन कंपन्या, तीन झेंडे, पण बाटलीचं नाव एकच. २०१९ च्या रमजानमध्ये भारतात या सरबताचा तुटवडा पडला, तेव्हा पाकिस्तानातल्या हमदर्दने वाघा सीमेवरून माल पाठवायची तयारी दाखवली. फाळणीने घर वाटून दिलं, पण पाकाची कृती दोन्ही भावांच्या डोक्यात होती आणि डोक्यावर सीमा आखता येत नाही.

आता कोर्ट. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे प्रश्न होता: ‘दिल अफजा’ नावाचं दुसरं सरबत विकता येईल का? रूह म्हणजे आत्मा, दिल म्हणजे हृदय, मग नावं वेगळीच की! पण खंडपीठाला ते पटलं नाही. या दोन शब्दांचा अर्थाने इतका जवळचा संबंध आहे की गिऱ्हाईक गोंधळू शकतं, असं म्हणून त्यांनी दिल अफजा सरबताला मनाई केली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

गंमत बघा. अशीच केस इंग्लंडमध्ये आधी झालेली. तिथे एक कंपनी एल्डरफ्लॉवरचं बुडबुड्यांचं, बिनदारूचं पेय ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ म्हणून विकत होती. फ्रान्सचे शॅम्पेनवाले कोर्टात गेले आणि १९९३ मध्ये जिंकले. फुलाचं सरबत गरिबाचं असतं तोवर नाव काहीही ठेवा, कोणी विचारत नाही. बाजार मोठा झाला की आत्मा, हृदय, शॅम्पेन सगळ्याची मालकी ठरवायला न्यायाधीश लागतात.

आणि आता साखर

इथपर्यंत गोष्ट गोड होती. फूल झालं, पाणी झालं, बर्फ झाला. बाटलीत सगळ्यात जास्त भरलेली गोष्ट मात्र अजून राहिली.

असा पाक टिकतो कसा? साखरेमुळे. पाकात साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असली की जंतूंना जगायला मोकळं पाणीच उरत नाही. साखर त्यांच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढते. म्हणजे सरबताची बाटली ही झिप फाइल आहे: पाणी काढून टाकलंय, आपण ग्लासात पाणी घालून ती उघडतो. पण त्यासाठी साखर किती? ७५० मिलीच्या बाटलीत ६५ टक्क्यांचा पाक भरला तर साखर साधारण ६४० ग्रॅम होते. एक टन उसातून १०० ते ११० किलो साखर निघते. म्हणजे एका बाटलीमागे ऊस झाला जवळजवळ सहा किलो.

हा सहा किलो ऊस तोडतं कोण?

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला आणि १९५० च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झालं. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे, आणि दुष्काळ इकडे. १९७२ च्या दुष्काळाने आमच्या भागातली कितीतरी घरं कायमची या वाटेला लागली. आज ‘ऊसतोड कामगारांचा जिल्हा’ म्हटलं की बीडचंच नाव घेतात. काही लाख माणसं दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून निघतात. बार्शी, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत.

या कामाची स्वतःची भाषा आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसं नाही मोजत, कोयते मोजतात. मुकादम आधी पैसे देतो ती ‘उचल’, आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. एक दिवस चुकला तर ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. राहायला पाचटाची नाहीतर प्लॅस्टिकची ‘खोप’. पहाटे, थंडीत, दवाने भिजलेल्या फडात काम सुरू होतं.

एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. आता गणित करा. सहा किलो उसाची तोडणी म्हणजे दोन रुपये वीस पैसे. दोघांत मिळून. दुकानातली बाटली दीडशे-दोनशे रुपयांची.

आणि हे फक्त पैशाचं नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं. सहामागे एक. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर खाडा. दुखणं अंगावर काढायचं आणि मग एकदाचं ‘पिशवी काढून टाका’. ‘पिशवी’ हा शब्द आमच्याकडे इतक्या सहज वापरतात की बाहेरच्या माणसाला आधी कळत नाही कशाबद्दल बोलणं चाललंय.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा ‘पट्टा पडतो’, म्हणजे हंगाम संपतो. मग ट्रक परत येतात. पाडव्याच्या आसपास गावं पुन्हा भरतात, बाजारात गर्दी होते, लग्नं निघतात. आणि मांडवात काय फिरतं? ट्रेमध्ये लाल सरबताचे ग्लास. ज्या हातांनी ऊस तोडला, तेच हात शेवटी ती साखर पाण्यात मिसळून पितात. एरवी इतिहासाच्या पुस्तकात सरबत म्हटलं की बादशहा असतो, सुरई असते, गुलाबाचा बाग असतो. साखर कुठून आली याचं पान बहुतेक वेळा नसतंच. म्हणून आज ते इथे वाचलं.

याचा अर्थ सरबत पिऊ नका असा नाही. मी तर पिणार. पण ‘मेड इन’च्या ओळीत जे लिहिलेलं नसतं, ते निदान आपल्याला माहीत असावं. आणि तुमच्या गावातून कोयते जात असतील तर त्यांच्या मुलांची शाळा हंगामात सुटते का, नोंदणी झाली आहे का, हंगामी वसतिगृह मिळतं का, एवढं विचारून बघा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ त्यासाठीच काढलंय. ओळखपत्राचा अर्ज भरायला मदत करणं हे फोन चांगला चालवता येणाऱ्या कोणालाही जमतं.

घरी करून बघा

शेवटी कृती, कारण कमेंटमध्ये विचारणार हे माहीत आहे.

देशी, वासाचा गुलाब घ्या. फुलवाल्याकडचा लांब दांड्याचा लाल गुलाब नको, त्याला वास नसतो आणि फवारणी भरपूर असते. १०० ग्रॅम पाकळ्या धुऊन घ्या. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, पाकळ्या टाका, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी गाळा. पाणी मळकट, जांभळट दिसेल, घाबरू नका. आता त्यात दोन लिंबांचा रस पिळा आणि बघत राहा. रंग डोळ्यांदेखत गुलाबी-लाल होतो, कारण पाकळ्यांतलं रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं. लहान भावंडं घरात असतील तर हे त्यांच्या हातून करून घ्या. मग पाऊण ते एक किलो साखर घालून मंद आचेवर फक्त विरघळू द्या, जास्त उकळलं तर वास उडतो. गार करून स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पिताना सब्जा भिजवून घाला. मधुमेह असलेल्यांनी मात्र मीठ-लिंबाच्या ताकावर भागवावं.

हीच कृती एल्डरच्या फुलांनाही चालते. लंडन-डब्लिनला असलेल्या श्रोत्यांनी जूनमध्ये करून बघा, फक्त हिरवे देठ काढून टाका, ते विषारी असतात. आणि फूल ओळखता येत नसेल तर तोडूच नका.

पुढच्या भागात मराठवाड्यातच राहणार आहोत: मलिक अंबरने औरंगाबादला नहरीतून पाणी कसं खेळवलं, त्याचं इंजिनिअरिंग. तोपर्यंत तुमच्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा काय देतात, ते गावाच्या नावासकट कळवा. दुपारी बाहेर पडू नका, पडलात तर डोक्याला रुमाल बांधा, आणि दारात कोणी पार्सल घेऊन आलं तर आधी पाणी विचारा. ओटीपी नंतर.